नगरसेवकांचे उपकार आहेत, पण पक्षप्रवेशाला बायका घेऊन जायचं का?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत राहते. आमचं महिला मंडळ आहे, त्यातून दोन बचत गट चालतात. २०१७ च्या पालिका निवडणुकीत आम्ही बायकांनी आमच्या नगरसेवकांसाठी घरोघर स्लिपा वाटल्या, बूथवर बसलो. ज्या पक्षाविरुद्ध आम्ही घसा कोरडा केला त्याच पक्षात ते, निवडणूक रखडून पालिका प्रशासकाच्या हाती असताना, गेले आणि या जानेवारीत तिथून निवडूनही आले. आता शेजारच्या प्रभागातल्या विरोधी नगरसेवकाच्या पत्नीचा आणि कार्यकर्त्यांचा जाहीर पक्षप्रवेश ठेवलाय. मला निरोप आलाय, चाळीस बायका घेऊन या, गाडीची सोय आहे. मला जावंसं वाटत नाही. पण माझ्या मिस्टरांना झटका आला तेव्हा याच नगरसेवकांनी रात्री फोन करून पालिकेच्या रुग्णालयात खाट मिळवून दिली होती. ते कसं विसरू? मुलगा म्हणतो, "आई, वरपासून खालपर्यंत एकच पक्ष असला तर बरंच. निधी येईल, पाणी येईल. विरोधात राहून कुणाचं भलं झालंय?" त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. जाऊ की नको? आणि मुलगा चुकतोय का?

— एक कार्यकर्ती, भांडुप

उत्तर

ताई, जाऊ नका. बायकाही नेऊ नका.

आधी त्या रात्रीच्या फोनबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात पक्षापेक्षा त्याचंच ओझं जास्त जाणवतं. अडल्यावेळी फोन उचलणारा माणूस या शहरात फार मोलाचा असतो आणि तुमच्या नगरसेवकांनी ते केलं. त्याबद्दल आयुष्यभर कृतज्ञ राहा. त्यांच्या घरी लग्नकार्य असेल तर जा, कुणी आजारी असेल तर डबा घेऊन जा, रस्त्यात भेटले तर थांबून विचारपूस करा. पण हे ऋण तुमचं आहे. मंडळातल्या चाळीस जणी ते फेडायला बांधलेल्या नाहीत. त्या तुमच्या शब्दाखातर येतील, कारण बचत गटाच्या हिशेबात तुम्ही कधी एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नसेल. तो विश्वास तुमच्या खासगी उपकाराच्या परतफेडीत खर्च करायचा नसतो. शिवाय खाट पालिकेच्या रुग्णालयातली होती. ती मिळणं तुमच्या मिस्टरांचा हक्कच होता. फोन करावा लागला हे त्या व्यवस्थेचं दुखणं आहे, आणि त्याबद्दल सभागृहात कुणीतरी विचारायला हवं. तो विचारणारा कोण, हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

आता त्या कार्यक्रमाकडे पाहू. प्रवेश नगरसेवकाच्या पत्नीचा का? त्यांचा स्वतःचा का नाही? महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा कायदा नगरसेवकांना लागू आहे. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात तो पक्ष आपणहून सोडलात किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिलंत, तर पद जाऊ शकतं. मुंबईत असं प्रकरण कोकण विभागीय आयुक्तांकडे जातं. म्हणूनच निवडणूक संपली की नगरसेवक आपल्या पक्षाचा गट नोंदवायला बेलापूरच्या कोकण भवनात जातात. त्यामुळे एकटादुकटा नगरसेवक उघडपणे दुसऱ्या पक्षाचा शेला गळ्यात घालत नाही. पत्नी जाते, भाऊ जातो, शाखेतली मुलं जातात, आणि नगरसेवक स्वतः कागदावर जुन्याच पक्षात राहतात. सभागृहात मात्र ते गप्प बसतात, किंवा मतदानाच्या दिवशी त्यांची तब्येत बिघडते. तुम्हाला ज्या मांडवात बोलावलंय तिथे एका नगरसेवकाचं हे मौन साजरं होणार आहे. चाळीस बायका समोर बसल्या की ते मौन लोकांना मान्य आहे असं फोटोत दिसेल.

कायद्याला दुसरी वाटही आहे. गटातले दोन तृतीयांश सदस्य एकत्र गेले तर ते विलीनीकरण ठरतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईत मनसेच्या सात नगरसेवकांपैकी सहा जण एका फटक्यात शिवसेनेत गेले. मनसेने कोकण विभागीय आयुक्तांकडे दाद मागितली, पण कायदा त्यांच्या आड आला नाही. त्यांना मत देणाऱ्यांनी आठच महिन्यांपूर्वी शिवसेनेला मत द्यायचं नाही असं ठरवून बटण दाबलं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

तुमच्या नगरसेवकांनी मात्र कायदा मोडलाच नाही, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. तिथपासून जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत मुंबईला नगरसेवकच नव्हते, सगळे 'माजी' होते. माजी माणसाला अपात्रता लागत नाही. पावणेचार वर्षं दार सताड उघडं होतं आणि त्यातून डझनांनी माणसं सत्तेच्या बाजूला गेली. वेळेवर निवडणूक झाली असती तर यातल्या बऱ्याच जणांना जाण्याआधी पदाचा विचार करावा लागला असता. निवडणुका का रखडल्या, ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, न्यायालयातल्या तारखा, ते सगळं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. परिणाम इतकाच सांगते की मतदाराचा जाब विचारण्याचा हक्क नेमका त्याच काळात निलंबित होता.

पक्ष बदलणं हे मुळातच पाप आहे असं मी मानत नाही. माणसाचं मत बदलतं, पक्षही आपली वाट सोडतो. प्रश्न जाण्याच्या रीतीचा आहे. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले तेव्हा त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. उदयनराजे भोसले २०१९ मध्ये राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपमध्ये गेले, साताऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि श्रीनिवास पाटलांकडून हरले. दोघांची वाट एकच होती. एकीकडे लोकांनी होकार दिला, दुसरीकडे नकार. दोघांच्या राजकारणाबद्दल तुमचं माझं काहीही मत असो, ते मतदारांसमोर पुन्हा उभे राहिले. छगन भुजबळ १९८५ मध्ये मुंबईचे महापौर झाले होते. १९९१ मध्ये ते काही आमदारांना घेऊन शिवसेनेतून बाहेर पडले, आणि १९९५ मध्ये माझगावच्या मतदारांनी त्यांना पाडून बाळा नांदगावकरांना निवडून दिलं. मुंबईचा मतदार असं काही विसरत नाही, निवडणूक झाली तर.

तुमचे नगरसेवकही जानेवारीत लोकांसमोर गेले आणि निवडून आले. ते मान्य करा. त्यांच्यावर राग धरून बसण्यात आता अर्थ नाही. प्रभागाने नव्या चिन्हावर त्यांना पत्करलंय. शेजारच्या नगरसेवकांचं तसं नाही. ते विरोधात बसण्यासाठी निवडून आलेत आणि त्याला वर्षही झालेलं नाही.

एकाने काय फरक पडतो, असं मुलगा म्हणेल. त्याला आकडे दाखवा. सभागृहात २२७ नगरसेवक, बहुमत ११४ ला. जानेवारीच्या निकालात भाजपला ८९ आणि शिंदेंच्या शिवसेनेला २९, मिळून ११८. ठाकरेंच्या शिवसेनेला ६५, काँग्रेसला २४, बाकीचे लहान पक्ष. म्हणजे सत्तेकडे बहुमतापेक्षा फक्त चार जास्त. मुंबईकरांनी सत्ता दिली ती अशी मोजून मापून, आणि समोर शंभरावर माणसं बसवली. ही रचना लोकांनी मतदानाने केली आहे. आता एकेकाच्या पत्नीला, भावाला शेले घालून ती बदलायची, तेही मतदान न घेता. दुसरीकडे बघा, कल्याण-डोंबिवलीत या वेळी मतदानाआधीच सत्ताधारी युतीचे बरेच उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्या प्रभागांतल्या बाईला 'नोटा' दाबायचीसुद्धा संधी मिळाली नाही, कारण मशीनच लागलं नाही.

मी पालिकेचं वार्तांकन करायचे तेव्हा स्थायी समितीच्या दिवशी आम्हा बातमीदारांचं लक्ष सत्ताधाऱ्यांपेक्षा विरोधी बाकांकडे असायचं. प्रस्ताव शेवटी मंजूरच व्हायचा, ते आधीच ठाऊक असायचं. पण विरोधकाने हरकतीचा मुद्दा घेतला की अधिकाऱ्याला उभं राहून सांगावं लागायचं, अंदाजपत्रकापेक्षा निविदा इतकी वर का गेली, याच कंत्राटदाराला पुन्हा काम का, मागच्या पावसात याच गटाराचं काय झालं. ते उत्तर कार्यवृत्तांतात नोंदलं जायचं. दुसऱ्या दिवशी छापून यायचं. प्रस्ताव कधी राखून ठेवला जायचा, दुरुस्त होऊन परत यायचा. तुमच्या वस्तीतल्या पायवाटेचं काम जितकं बरं झालं असेल त्यात, तुम्हाला नाव माहीत नसलेल्या कुणा विरोधी सदस्याच्या प्रश्नाचाही थोडा वाटा असतो. प्रशासकाच्या काळात हे सगळं बंद होतं. सभागृह म्हणजेही प्रशासक, स्थायी समिती म्हणजेही प्रशासक, सही एकाचीच. त्याच काळात सहा हजार कोटींच्या घरातली सिमेंट रस्त्यांची कंत्राटं निघाली. त्यातल्या शहर विभागातल्या कंत्राटदाराचं कंत्राट पुढे पालिकेलाच रद्द करावं लागलं. त्या प्रस्तावावर आधी सभागृहात तास-दोन तास उलटतपासणी झाली असती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

हे मी एका पक्षाविरुद्ध लिहीत नाही. १९९७ ते २०२२ इथे शिवसेनेचा महापौर होता आणि त्यातली वीस वर्षं भाजप तिच्या सोबत सत्तेत होता. २०१७ मध्ये दोघे वेगळे लढले, शिवसेना ८४ आणि भाजप ८२. दुसरा मोठा पक्ष म्हणून भाजपने विरोधी पक्षनेतेपद घ्यायला हवं होतं. राज्यात दोघांचं सरकार एकत्र, म्हणून भाजपने ते घेतलं नाही, आम्ही 'पहारेकरी' राहू असं जाहीर केलं. मग ३१ नगरसेवकांच्या काँग्रेसचे रवी राजा विरोधी पक्षनेते झाले. पुढे राज्यातली युती तुटल्यावर २०२० मध्ये भाजपने त्या पदावर दावा सांगितला, तो न्यायालयात टिकला नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रवी राजा स्वतः भाजपमध्ये गेले. मुंबईचा विरोधी पक्षनेता होऊन गेलेला माणूसही शेवटी तिकडेच जातो, तेव्हा तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांनी राजकारणाबद्दल काय समजायचं? वरती विधानसभेत बघा. २०२४ च्या निकालात २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळाल्या, आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी धरल्या जातात तेवढ्या दहा टक्के जागा विरोधातल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत. खाली पालिकेत विरोध अजून जिवंत आहे, म्हणून तो राखण्याची धडपड करायची.

आता मुलाचं म्हणणं. तो अगदीच खोटं बोलत नाही. तुमच्या घरापासून जवळच कांजूरमार्ग आहे. मेट्रो तीनची कारशेड आरेतून कांजूरला नेली २०२० मध्ये, जागेवरून केंद्र आणि राज्यात जुंपली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवलं, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर कारशेड परत आरेत गेली. दोन सरकारांच्या भांडणात मुंबईकरांचा वेळ गेला हे खरंच. तो हे उदाहरण देईल, देऊ दे. कबूल करा.

पण मग त्याला गोरेगावची गोष्ट सांगा. तिथल्या उड्डाणपुलाला ज्यांचं नाव आहे त्या मृणालताई गोरे १९६१ मध्ये पालिकेवर निवडून आल्या, समाजवादी, म्हणजे विरोधातल्या. त्यांच्या हातात ना निधी ना मंत्री. वस्तीतल्या बायकांना घेऊन त्यांनी हंडे मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, सभागृहात पाण्याचा विषय सोडला नाही, आणि गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळवून दिलं. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. विरोधात राहून कुणाचं भलं झालं, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर गोरेगावातल्या जुन्या नळांना येणारं पाणी आहे. त्या वेळी दिल्लीत काँग्रेस, राज्यात काँग्रेसच होती.

आणि आणखी थोडं मागचं. १९५५-५६ मध्ये दिल्लीपासून खालपर्यंत एकच पक्ष होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरत होतं आणि इथल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना ते मोडून काढता येत नव्हतं, कारण वरचेही आपलेच. चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्यांना बळी पडली. १९५७ च्या निवडणुकीत डावे, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरी विचाराचे लोक एकत्र येऊन संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणून उभे राहिले आणि मराठी मतदारांनी त्यांना भरभरून मतं दिली. तेव्हा कुठे दिल्लीला ऐकावं लागलं आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. वर-खाली एकच पक्ष असला की वरून खाली आदेश झरझर येतात. खालून वर तक्रार जायला मात्र वाट राहत नाही. तुमचा नगरसेवक, तुमचा आमदार, तुमचा मंत्री एकाच पंगतीत बसले असतील तर टेकडीवर पाणी येत नाही हे कोण कुणाला ओरडून सांगणार?

निधीचंही त्याला नीट समजावा. २०२५-२६ चं पालिकेचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका. तो पैसा मालमत्ता कर, विकास शुल्क, जीएसटीपोटी मिळणारी भरपाई असा मुंबईकरांकडूनच गोळा झालेला आहे. या वेळी राज्यभर निवडणुकीच्या सभांतून 'आम्हाला मत द्याल तर निधी' ही भाषा उघड ऐकू आली. ज्या प्रभागाने विरोधी उमेदवार निवडला त्याचे लोकही कर भरतात, पाणीपट्टी भरतात. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निम्म्याअधिक मुंबईला पाणी जातं आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर बाया रात्री उठून बारीक धारेखाली हंडे लावतात. ते पाणी पक्ष बदलल्यावर चढणार असेल तर आजवर ते कुणी अडवलं होतं, हे मुलाने एकदा नगरसेवकांनाच विचारावं.

नकार कसा द्यायचा, ते सांगते. निरोप्याबरोबर कळवू नका. आजारपणाची, गावी जाण्याची सबबही नको. पुढच्या वेळी पुन्हा बोलावतील. स्वतः त्यांच्या कार्यालयात जा, गर्दी नसताना. "भाऊ, तुमचे उपकार मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. तुमच्या घरच्या कार्याला हाक मारा, मी पहाटे हजर असेन. पण मंडळाच्या बायकांना मी पक्षाच्या कार्यक्रमाला आणणार नाही, तुमच्याही नाही आणि दुसऱ्याच्याही नाही." एवढंच बोला. हा नियम सगळ्यांना सारखा लावलात की त्यांना अपमान वाटायला जागा राहणार नाही. तो पाळायचा मात्र तुम्हाला आहे; उद्या तुमच्या जुन्या पक्षाने मोर्चाला बोलावलं तरी मंडळ जाणार नाही. तुम्ही एकट्या, नागरिक म्हणून, हवं तिथे जा. ज्या बाईला स्वतःहून पक्षप्रवेशाला जायचंय तिलाही अडवू नका.

याने कामं अडतील ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. म्हणून आतापासून तोंडी मागणं सोडा. पाण्याचा दाब, पायवाट, शौचालय, जे असेल ते मंडळाच्या लेटरहेडवर लिहा, पंधरा-वीस जणींच्या सह्या घ्या, 'एस' विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. एक प्रत तुमच्या नगरसेवकांना, एक शेजारच्या नगरसेवकांना. महिना झाला तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'आमच्या वस्तीत गेल्या तीन वर्षांत झालेल्या पायवाट व गटार कामांचे कार्यादेश, कंत्राटदाराचं नाव, रक्कम आणि काम पूर्ण झाल्याची तारीख द्यावी', एवढं पुरे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज मुलाला लिहायला लावा. त्याला निधीची काळजी आहे ना, निधी नेमका कुठे जातो ते त्याच्याच हाताने कळेल.

आणि शेजारच्या नगरसेवकांचा विषय राहिला. तुमच्या मंडळातल्या काही जणी रस्त्यापलीकडे, त्यांच्या प्रभागात राहत असणारच. नगरसेवकाला परत बोलावण्याची सोय आपल्याकडे कायद्यात नाही, पण पत्र लिहायला कुणाची बंदी नाही. त्या मतदार बायकांनी कार्यक्रमाच्या आधी त्यांना गाठावं आणि पत्र हातात द्यावं: आम्ही तुम्हाला विरोधात बसायला मत दिलंय, जायचं असेल तर राजीनामा द्या आणि पुन्हा आमच्या दारात या, राहायचं असेल तर पुढच्या सभेत आमच्या पाण्यावर ठरावाची सूचना मांडा. पाच जणी गेल्या तरी चालेल. नगरसेवक घरी नसतील तर पत्र त्यांच्या पत्नीच्या हातात द्या, प्रवेश त्यांचाच आहे.